मोरेश् आणि मंडळी

मे महिना, दुपारचे दोन, कूलरची खस वाळून खडखडीत. अशात काका घरी आले. "तू कम्प्युटरवाला न बे? ताईच्या लग्नाच्या चारशे पाकिटांवर नावं छापून दे. पाच मिनिटांचं तर काम हाय."

यादी काकूनं टाइप केली होती. मला फक्त ती वाचून चिकटपट्ट्यांवर छापायची होती. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकूर अक्षर-अक्षर वाचायला 'रीडर' आहे, थेट १९९७ पासून. त्याला 'रीड' म्हटलं की तो पुढचं अक्षर काढून देतो आणि फाइल संपली की -१ देतो. इतकं सोपं, की मी काकांना चहा ठेवायला सांगितला. काकांनीही ठेवला, हे विशेष.

पहिल्या फेरीत प्रिंटर थांबेचना. रीडनं दिलेला आकडा मी आधी अक्षराच्या डब्यात कोंबला, शेवट आला का ते नंतर विचारलं. त्या डब्यात ० ते ६५५३५ एवढंच मावतं, उणं काही बसत नाही. -१ आत गेला तो ६५५३५ होऊन बसला आणि शेवट कधी आलाच नाही. आमच्याकडचे पाहुणे 'येतो बरं का' म्हणून दारात उभे राहतात, पुढचा पाऊण तास तिथेच बोलतात, तसं. कागदाचं अख्खं बंडल गेलं.

दुसऱ्या फेरीत प्रिंटर थांबला, पण मराठीच गायब. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतलिपीत (म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ या आवृत्तीपासून रीडर काही न सांगता यूटीएफ-८ धरतो. माझ्याकडे जुना जावा ८, तो विंडोजला विचारतो, आणि विंडोजनं त्या तीन बाइटांची तीन परदेशी चिन्हं करून टाकली. त्यातही वेलांटी ऱ्हस्व असेल तर काही नाही, दीर्घ असली की जपानी येनचं चिन्ह. पाय मोडला तरी येन. म्हणजे प्रत्येक 'श्री'मध्ये दोन येन. काकू चष्मा लावून म्हणाली, "हे पैसे कोनाचे होय? लग्नाच्या आधीच आहेर येऊन राहिला का?"

संकेतलिपीचं नाव लिहून दिलं, तेव्हा मराठी परत आली. उरलं एकच: पट्टी अरुंद होती. डोळ्यांनी मोजून पाहिलं, बारा अक्षरं पुरेत. 'कॅरसिक्वेन्स'ला, म्हणजे जावातल्या अक्षरांच्या माळेला, शून्यापासून बारापर्यंतचा तुकडा कापायला सांगितलं. (मोजणी शून्यापासून. झिरो माइलच्या नागपुरात याचं नवल कोणाला?)

आता, आपण 'मोरेश्वर' म्हणजे चार अक्षरं म्हणतो. यंत्र म्हणतं आठ: म, काना-मात्रा, र, मात्रा, श, पाय मोडायची खूण, व, र. नुसता 'श्री.' आणि पुढची मोकळी जागा यांतच सहा गेली, म्हणजे पुरुषांना नावापुरती उरली सहा. 'सौ.'ला चारच लागतात, म्हणून बायकांना आठ. नामदेवराव 'नामदेव' झाले, तेवढं खपून जातं. सुमित्राबाई 'सुमित्रा' झाल्या, उलट वय कमी झालं. लक्ष्मीकांतरावांचा मात्र 'लक्ष्म' झाला, दत्तात्रयरावांचा 'दत्तात'. हे सगळं मला कधी कळलं? काका पाकिटं वाटून आल्यावर. चारशे पट्ट्या मीच चिकटवल्या होत्या, रात्री दोनपर्यंत, एकही न वाचता. अक्षरं वाचणारा प्रोग्राम लिहिला, मग आणखी मी कशाला वाचायचं?

लग्नात मी आईस्क्रीमच्या टेबलामागे उभा राहिलो, जरा अंधारात. तरी मोरेश्वर काकांनी हेरलंच. काठी टेकत, प्लास्टरमधला डावा पाय ओढत आले. पाकीट माझ्यासमोर धरलं: 'श्री. मोरेश्'. शेवटच्या श खाली ती तिरपी रेघ.

"मी बाथरूमात पडलो परवा," काका म्हणाले. "हे पाकीट आलं आठ दिवस आधी. तुया कम्प्युटरले कोनं सांगतलं बे, का माया पाय मोडनार हाय म्हून?"