मोतीबिंदू थेंबांनी विरघळतो? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याचं उत्तर

तासगाव असो, पलूस असो की कराड-कोरेगाव, गावच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन गेला नाही असं होत नाही. मजकूर थोडक्यात असा: “मोतीबिंदू आता थेंबांनी विरघळतो, परदेशात शोध लागलाय. ऑपरेशन करायचंच तर मोती पूर्ण पिकू द्या आणि लेझरनेच करून घ्या. उन्हाळ्यात नको, शुगर असेल तर नकोच. नाहीतरी मोती परत येतो. तोवर रोज रात्री मध आणि कांद्याचा रस डोळ्यात घाला.”

“थेंबांनी विरघळतो, परदेशात शोध लागलाय”

शोधाची बातमी खरी, पण अर्धीच सांगितलेली. २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल या रसायनावर लेख आला. मोतीबिंदू असलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला गढूळपणा त्याने कमी झाला, असं त्यात होतं. पण त्या कुत्र्यांना नुसते थेंब घातले नव्हते, डोळ्याच्या आत इंजेक्शनही दिलं होतं. फॉरवर्ड होताना नेमकं हेच गळालं. त्याच वर्षी भारतातल्या डॉक्टरांनी माणसांच्या ऑपरेशनमध्ये निघालेले मोतीबिंदूचे गर लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात भिजत ठेवून पाहिले. काही फरक पडला नाही. दुसरे थेंब एन-ॲसिटिल-कार्नोसिनचे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, त्यांच्या बाजूने भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

असं का, ते भिंगाच्या रचनेत आहे. माणसाचं नैसर्गिक भिंग जेमतेम ९-१० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधी तयार झालेली असतात आणि ती आयुष्यात कधीच बदलली जात नाहीत. साठ-सत्तर वर्षांत त्यांच्या गुठळ्या होतात, तोच मोतीबिंदू. भिंगाला रक्तपुरवठा नाही. वरून घातलेल्या थेंबाचा बराचसा भाग गालावर ओघळतो किंवा नाकात उतरतो, बुबुळातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेतून, आत पोचतो तो अगदी थोडा.

मग “आमच्या आत्यांना फरक पडला” म्हणतात ते? खोटं बोलत नसतात. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो आणि वाचायचा चष्मा काही महिने लागेनासा होतो. पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो, श्रेय बाटलीला जातं. खरं तर मोतीबिंदू वाढत असल्याची ती खूण आहे. लांबचं तपासा, एसटीची पाटी आधीपेक्षा धूसर दिसत असणार.

“पूर्ण पिकू द्या”

हा सल्ला एके काळी बरोबर होता, म्हणून जुनी माणसं तो छातीठोकपणे देतात. तेव्हा भिंग आवरणासकट अख्खं काढत. नंतर डोळ्यात काहीच बसवत नसत, साधारण +१० नंबरचा, बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. अशा सौद्यात फायदा आंधळेपणा आल्यावरच होता. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं, अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली, आणि मदुराईच्या ऑरोलॅब या भिंगं बनवणाऱ्या संस्थेने १९९२ पासून ती स्वस्त केली. पिकण्याची वाट पाहायचं कारण तिथेच संपलं.

आता वाट पाहिली तर काय बिघडतं? गाभा तपकिरी, कडक झाला की तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या थरावर बसतो. त्या थरात उतारवयात दर चौरस मिलिमीटरला दोन-अडीच हजार पेशी असतात आणि मेलेली पेशी परत येत नाही. पाच-सातशेच्या खाली गेल्या की बुबुळ पाणी धरतं. पांढराफटक मोतीबिंदू असेल तर भिंगाचं पुढचं आवरण दिसतच नाही, ते ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवावं लागतं. भिंगाच्या आतला दाब वाढलेला असेल तर पहिल्या टोच्यालाच ते कडेपर्यंत फाटू शकतं.

मापाचा घोळ वेगळाच. कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं हे डोळ्याच्या लांबीवर ठरतं. १ मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास अडीच-तीन नंबरांचा फरक. एरवी ही लांबी प्रकाशाने, डोळ्याला हात न लावता मोजतात. पिकलेल्या मोत्यातून तो प्रकाश पार जात नाही, मग अल्ट्रासाउंडची कांडी बुबुळावर टेकवावी लागते. ती जराशी जास्त दाबली गेली तर डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त नंबरचं बसतं आणि ऑपरेशन उत्तम होऊनही लांबचं अंधूक राहतं.

सगळ्यात वाईट म्हणजे फुगलेल्या किंवा गळू लागलेल्या मोत्याने डोळ्याचा दाब अचानक चढतो. डोळा लाल, अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. घरचे पित्त समजून गोळी देतात, तोवर डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत असते. ती नस परत मिळत नाही.

केव्हा करायचं याचं माप तुमच्या कामात आहे. द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना मणी नीट दिसेनात, कारखान्याच्या काट्यावरची पावती वाचता येईना, समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरलेला दिसू लागला, की तपासून घ्या. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, हेही हिशेबात धरा.

“लेझरनेच करा”

लोक ज्याला लेझर म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं, म्हणजे अल्ट्रासाउंड. छेद २.२ ते २.८ मिलिमीटरचा. खराखुरा फेम्टोसेकंद लेझर छेद देतो, आवरण गोल कापतो, गाभ्याला चिरा पाडतो. तुकडे ओढून घ्यायला पुन्हा फेकोचीच सुई लागते. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत (२०२०) तो साध्या फेकोपेक्षा सरस ठरला नाही, खर्च मात्र वाढला. कडक मोत्याला ६ मिलिमीटरच्या आसपास छेदाचं, तेही बिनटाक्याचं, हाताने करायचं ऑपरेशन अनेकदा जास्त सुरक्षित असतं. सरकारी रुग्णालयात ते मोफत होतं म्हणून हलकं समजू नका.

“उन्हाळ्यात नको”

ऋतूचा संबंध नाही. जंतुसंसर्ग टाळायचा तो ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात तीन मिनिटं ठेवून आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडून. नंतर दोन-तीन आठवडे हळदीच्या पॉलिशची, मळणीची धूळ टाळायची, ती बाराही महिने. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं आणि दिसणं कमी झालं तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी डोळ्यात व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडीमची इंजेक्शनं पडली तर डोळा वाचण्याची आशा असते.

“शुगर असेल तर नकोच”

उलट शुगरवाल्यांनी लांबवू नये, कारण गढूळ भिंगातून मागचा पडदा (रेटिना) तपासता येत नाही. शुगर आटोक्यात आणायची, पडद्याला सूज असेल तर आधी किंवा सोबतच बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्टचं इंजेक्शन घ्यायचं. गेल्या वीस वर्षांतली खरी मोठी सुधारणा विचाराल तर ही इंजेक्शनं. जाता जाता: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर सर्जनना आधी सांगा. त्याने बाहुलीचा पडदा लुळा पडतो. आदल्या दिवशी गोळी बंद करून उपयोग नाही, पण माहीत असलं की ते तयारीने उतरतात.

“मोती परत येतो”

येत नाही. कृत्रिम भिंगामागचं मूळ आवरण काही जणांत धुरकट होतं. याग लेझरने त्यात खिडकी पाडतात, सुई न टोचता, पाच-दहा मिनिटांत. लेझरची दंतकथा बहुधा इथूनच निघाली असावी.

“मध आणि कांद्याचा रस”

आपल्याकडे याचा धोका दुप्पट. उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, त्यात बुरशी रुजते. त्यावर घरगुती रस म्हणजे जंतूंची भर. पातं लागलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, पट्टी बांधू नका, दुसऱ्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बुरशीच्या जखमेवर पहिलं औषध ५ टक्के नॅटामायसिन, सुरुवातीला दर तासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. मेडिकलमधून “लाल डोळ्याचे” म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ती उघडूच नका. ते स्टेरॉइड आहे. दोन दिवस डोळा शांत वाटतो आणि आत बुरशी बुबुळ पोखरत जाते.