शाळा नाही, म्हणून अमूर्त विचार नाही?

"शाळेत न गेलेल्या माणसाला अमूर्त विचार करता येत नाही, हे लुरियाने सिद्ध केलंय." हे विधान सर्रास पुढे पाठवलं जातं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता, हे खरं. त्याच्या नोंदीही मोलाच्या आहेत. पण त्या नीट वाचल्या तर हा निष्कर्ष टिकत नाही.

"त्यांना वर्गीकरण जमलं नाही." हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असा प्रश्न होता. निरक्षर शेतकरी म्हणाले, सगळंच लागतं. ओंडका नसेल तर करवतीने कापायचं काय? ओंडका सोडून बाकीची अवजारं आहेत, असं सुचवल्यावर उत्तर आलं की अवजारं असली तरी लाकूड हवंच. म्हणजे 'अवजार' ही संकल्पना त्यांच्याकडे होती. उझबेकमध्ये तिला 'असबोब' हा शब्दही आहे. मराठीतला 'असबाब' त्याच अरबी मुळाचा. फक्त त्या संकल्पनेनुसार वस्तू वेगळ्या काढण्यात त्यांना शहाणपण दिसत नव्हतं.

लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांनी तर हे उघडच करून दाखवलं. वीस वस्तूंचे गट करायला सांगितल्यावर त्यांनी एकमेकींच्या उपयोगाच्या वस्तूंच्या जोड्या लावल्या. शहाणा माणूस असंच करेल, म्हणाले. मग संशोधकाने विचारलं, मूर्ख कसं करेल? त्यांनी लगेच अन्न, अवजारं, भांडी, कपडे असे चार नीटस ढीग घातले. जे जमत नाही असं आपण ठरवून बसलो होतो, ते त्यांना मूर्खाचं काम वाटत होतं! मला हा दाखला फार महत्त्वाचा वाटतो.

"त्यांना तर्क कळत नाही." लुरियाने उझबेक शेतकऱ्यांना असंही विचारलं: उत्तरेत, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी, नोवाया झेमल्या उत्तरेत आहे, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? एकाने सांगितलं, साठ-ऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतः पाहून सांगितलं तर विश्वास ठेवता येईल. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगू शकत नाही. या 'म्हणून'मध्ये तर्क नाही, असं कोण म्हणेल? पाहिल्याशिवाय बोलू नये हा एक सर्वसाधारण नियम आहे आणि तो त्याने या प्रश्नाला लावला. त्याने नाकारली ती फक्त अनोळखी माणसाने पुढे ठेवलेली गृहीतकं.

"वाचायला आलं की मेंदू बदलतो." लुरियाच्याच नोंदींत थोडक्या मुदतीचे वर्ग केलेले सामूहिक शेतावरचे लोक 'अपेक्षित' उत्तरं देतात. इतक्या कमी काळात नवी बुद्धी उगवत नाही. प्रश्नकर्त्याला काय हवंय हे मात्र कळू शकतं. शिवाय लायबेरियातले वाई लोक स्वतःची लिपी शाळेबाहेर शिकतात. मानसशास्त्रज्ञ सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी त्यांचा अभ्यास १९८१ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. नुसत्या साक्षरतेने विचारशक्तीत सरसकट बदल झाल्याचं त्यांना आढळलं नाही. शाळेत गेलेल्यांचा ठळक फरक दिसला तो एका गोष्टीत: आपण उत्तर कसं काढलं, ते शब्दांत समजावून सांगण्यात.