शेवटचा आकडा

गोव्यात पर्वरीच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर बनतं. आवृत्तीला तीन आकडे असतात. पहिला बदलला की साहेबांची झोप उडते, मधला बदलला की टेस्टरची. शेवटचा बदलला की सगळेच गाढ झोपतात.

४.२.० ची ४.२.१ करताना बदल एका ओळीचा होता. बिलाच्या तळाशी इंग्रजीत ‘थँक यू’ छापलं जायचं, तिथे गणेश चवथीच्या तोंडावर कोंकणीतलं ‘देव बरें करूं’ घालायचं.

टेस्टर म्हणाली, “दोन दिवस द्या.”

“तीन शब्दांना दोन दिवस?” साहेब.

तिने १९ जुलै २०२४ काढला. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एवढीशी फाईल. तिला माहितीचे २१ तुकडे हवे होते, प्रोग्रॅमने दिले २०. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली, विमानं खोळंबली. “आणि वार शुक्रवार होता!”

“आपली कुठे विमानं उडतात?” हे मी म्हणालो. स्क्रीनवर बिल उघडलं, झकास दिसलं. पीडीएफही काढली, सुरेख. गुरुवारी संध्याकाळी अपडेट सोडून घरी गेलो.

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. नऊलाच फोन आला: “तुमचें मशीन गिरायकाक प्रस्न विचारता!”

बिलाखाली छापलं होतं: ??? ???? ????

दुकानातल्या त्या दोन इंची थर्मल प्रिंटरला देवनागरी वाचताच येत नव्हती. ओळीचं चित्र करून पाठवायला हवं होतं. आम्ही नुसता मजकूर पाठवला. मी प्रश्नचिन्हं मोजली. अक्षराला एक, मात्रेला एक, अनुस्वारालाही एक, मिळून ११. हिशेब अगदी चोख! एका आजींनी म्हणे बिल परत देऊन विचारलं, “पैसे कमी पडले काय?”

बदल केवढा, यावरून टेस्टिंग ठरवणं म्हणजे बांगड्याच्या लांबीवरून ताजेपणा ठरवणं. आई कल्ला उघडून बघते. मी पीडीएफ बघितली.

४.२.२ मध्ये ‘थँक यू’ परत आणायचं होतं. “जुनंच तर आहे, त्यात काय तपासायचं?” साहेब म्हणाले. मी वाद घातला नाही. प्रिंटर स्कूटरच्या डिकीत घातला आणि घरी नेला. रात्री जेवणाच्या टेबलावर ४० बिलं छापली: एका वस्तूचं, पन्नास वस्तूंचं, सूट दिलेलं, रोल अर्ध्यात संपलेलं.

आईने एक पट्टी उचलून मागच्या कोऱ्या बाजूवर माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांची, यादी सुरू केली. नारळ, सुपारीचा शिपटो, चिबूड... मग कागद उलटा करून तळाशी बघितलं.

“हे ‘थँक यू’ आपल्या भाषेत नाही का रे करता येत?”