मारुतीला कुठवर आलंय?

परवा पावसानं झोडपलं तेव्हा मोबाइलवर मेसेज आला: गंगापूर धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग. पंचवटीतल्या आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "ते राहू दे रे. मारुतीला कुठवर आलंय?"

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगेचा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर आम्ही त्याच्या अंगावर मोजतो. गुडघा, कंबर, छाती. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. धरणाचे दरवाजे उघडणाऱ्याला क्युसेकच लागणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण वीस हजार क्युसेक ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. "छातीला लागलं" म्हटलं की सराफ बाजारातला माणूस दुकानाकडे धावतो. २०१६ आणि २०१९ चा ऑगस्ट तो विसरलेला नाही.

मराठीत हे असं जागोजागी आहे. डोंगराला माथा, पायथा, सोंड. विहिरीला पुरुषभर पाणी. कणीस बाहेर पडायच्या आधी बाजरी पोटरीत येते. हात लावून बघा, पायाच्या पोटरीसारखीच फुगीर लागते. दिंडोरीला मामेभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तो काडीवरून अंगठा फिरवत जातो. मध्येच थांबतो, "डोळे फुगलेत." त्या डोळ्यातून घड निघाला तर वर्ष निभावलं. नाहीतर घड जिरतो, त्याची बाळी होते, म्हणजे नुसता कुरळा तंतू. वर्षाची कमाई गेली आणि नाव मात्र कानातल्या दागिन्याचं! हे मी त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

२७ फेब्रुवारीला आपण मराठीचे फलक लावतो. लावावेत. पण खाल्लेलं जसं अंगी लागतं तसा शब्दही लागावा लागतो, असं माझं मत. माझ्या मुलीला पोटरी म्हणजे पायाची, एवढंच ठाऊक. दोष तिचा कसा म्हणू? तिला शेवटचं शेतात कधी नेलं होतं, मलाच आठवत नाही.

तर त्या संध्याकाळी तिला गंगेवर घेऊन गेलो. पोलिसांनी दोर बांधलेला, त्यामुळे लांबूनच. तिनं टाचा उंचावून पाहिलं, मग स्वतःच्या पोटावर आडवा हात धरला आणि माझ्याकडून फोन घेतला.

"आजी, बेंबीच्या वर गेलंय."

"बरं झालं सांगितलंस. पिठाचे डबे माडीवर नेते."