जुनं पाणी जपून टाकी वाचत नाही

गोड्या पाण्यात झाडं लावून मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: "टाकीची मांडणी बदलायची तर अर्धवट काम करू नका. मासे बादलीत काढा. अर्धं जुनं पाणी जपून ठेवा, कारण चांगले जिवाणू त्यातच असतात. वाळू आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा. झाडं मुळासकट उपटून नव्या जागी लावा, पाणी भरा, संध्याकाळपर्यंत मासे परत सोडा. दर सहा महिन्यांनी हे केलंच पाहिजे, नाहीतर तळाशी विषारी वायू साठून मासे मरतात."

हा सल्ला मी एकदा तंतोतंत पाळला आहे. दोन वर्षं उत्तम चाललेली टाकी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकत होते, आणि आठवडा संपेपर्यंत त्यातले नऊ गेले. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्या चुका मासे भोगतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात जुन्या पाण्यापासून, कारण बाकीच्या चुका याच समजुतीतून निघतात. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव पाण्यात मोकळे तरंगत नाहीत. ते कुठल्यातरी पृष्ठभागाला चिकटून, बुळबुळीत थर करून राहतात: फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर, लाकडावर, पानांवर. वाहत्या पाण्यातले जिवाणू यांच्या तुलनेत नगण्य असतात. या सूक्ष्मजीवांबद्दलची माहिती गेल्या काही दशकांत बरीच बदलली आहे. नायट्राइट संपवण्याचं श्रेय आधी नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला दिलं जायचं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असं दिसलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटे करणारे नायट्रोस्पायराही सापडले. पण दोन गोष्टी बदललेल्या नाहीत. हे जीव चिकटून राहतात, आणि ते फार सावकाश वाढतात. काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात, यांना बरेच तास, कधी दिवसाहून जास्त लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात ते म्हणूनच.

जुनं पाणी अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तापमान, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि कठीणपणा यांत माशांना एकदम झटका बसू नये, एवढ्यापुरतं ते कामाचं आहे. पण फिल्टर आणि वाळू धुऊन काढली आणि पाणी मात्र जपलं, तर जे जपायचं होतं ते मोरीत गेलं आणि हाती राहिलं ते नायट्रेट.

"फिल्टर नळाखाली धुवा." नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं ते जिवाणू मारण्यासाठीच, आणि स्पंजवरचे जिवाणू चांगले म्हणून ते त्यांना वगळत नाही. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, तेवढं पुरतं. खरं सांगायचं तर मांडणी बदलायच्या आठवड्यात फिल्टरला हातच लावू नका. आणखी एक चूक सहज होते. काम चालू असताना फिल्टर चार-पाच तास बंद पडून राहतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तेवढ्या वेळात प्राणवायू संपत जातो, आतले जिवाणू मरायला लागतात, आणि फिल्टर सुरू केला की ती सगळी घाण टाकीत येते. टाकी बराच वेळ रिकामी राहणार असेल तर फिल्टर माशांच्या बादलीवरच चालवा. ते जमत नसेल तर त्यातला मीडिया, म्हणजे स्पंजासारखा जिवाणू बसलेला आतला भाग, टाकीच्याच पाण्यात ठेवून त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) सोडा.

वाळू धुण्याचं नुकसान दुहेरी आहे. तिच्यावरचे जिवाणू जातात, आणि तळात अॅक्वा सॉइल असेल तर भाजलेल्या मातीचे ते मऊ दाणे चोळले की फुटतात आणि त्यांचा चिखल होतो. तळ आहे तिथेच राहू द्या. उंचसखल बदलायचा असेल तर एका वेळी साधारण पाव भाग सरकवा, बाकीचा पुढच्या आठवड्यांत. हलवताना सायफनची नळी हाताजवळ धरा, म्हणजे उठणारा गाळ पसरण्याआधीच बाहेर जातो.

आता ज्या मुद्द्याबद्दल तो सल्ला चकार शब्द काढत नाही, तिथे येतो. माझे मासे बहुधा यानेच गेले. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: एक विषारी अमोनिया, दुसरं त्या मानाने बरंच निरुपद्रवी अमोनियम. कुठलं किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का असतं. पीएच ८ झाला की तेच ५ टक्क्यांच्या वर जातं. एकूण प्रमाण तेवढंच, पण विष जवळपास दहापट.

जुन्या टाकीत काय झालेलं असतं पाहा. नायट्रीकरणात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली कार्बोनेटं खात राहतं. पाणी कमी प्रमाणात बदललं असेल तर केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, हळूहळू संपते आणि पीएच खाली सरकतो. पीएच ६ च्या आसपास आला की त्या सूक्ष्मजीवांचं कामही मंदावतं आणि अमोनियम साठायला लागतं. माशांना त्याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून आपल्यालाही पत्ता लागत नाही. अशात एका दुपारी तळ ढवळला, तिथलं अमोनियम वर आलं, आणि वरून जास्त पीएचचं ताजं पाणी भरलं, की आतापर्यंत शांत बसलेलं अमोनियम विषारी रूपात बदलतं. आणि नेमका त्याच दिवशी फिल्टर धुतलेला असतो.

म्हणून एकही दगड हलवण्याआधी टाकीच्या आणि भरायच्या पाण्याचा पीएच आणि केएच मोजा. फरक मोठा असेल तर आधीचे आठ-दहा दिवस रोज १० ते १५ टक्के पाणी बदलून दोन्ही जवळ आणा. मांडणीच्या दिवशी मग निम्मं पाणी बदललं तरी मासे ते सहन करतात. गाळ उठलेला असेल तर मोठा बदल करायलाच हवा, फक्त क्लोरीन काढलेल्या आणि तापमान जुळणाऱ्या पाण्याने.

"झाडं मुळासकट उपटून लावा" हे सगळ्या झाडांना एकाच मापाने मोजणं झालं. अनुबियास आणि जावा फर्न यांना उपटायचा प्रश्नच नाही. ती लाकडाला किंवा दगडाला धरून असतात, त्या आधारासकट उचलून नव्या जागी ठेवावीत. त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला यांसारखी उभ्या देठाची झाडं वरून छाटावीत आणि शेंडे नव्या जागी खोचावेत. जुनी मुळं तळातून ओढून काढण्याची गरज नसते. एकिनोडोरसच्या मुळांचं जाळं मात्र लांबवर पसरतं, आणि ते खेचलं की अर्धा तळ वर येतो. झाडाभोवती तळात कात्री घालून गोल कापून घ्या, मग हलकेच उचला. क्रिप्टोकोरीन हलवलं की बरेचदा त्याची पानं आठवड्याभरात विरघळून जातात. झाड मेलं समजून लोक ते फेकून देतात. मुळं टणक असतील तर ते जिवंत आहे. पानं काढून टाका, काही आठवड्यांत नवी फुटतात.

झाडांच्या बाबतीत माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ती अमोनियम थेट शोषून घेतात, म्हणजे चांगली भरलेली टाकी दोन फिल्टरांवर चालते आणि त्यातला एक हिरवा असतो. सगळी झाडं एकाच दिवशी छाटली आणि हलवली तर तोही महिनाभर लंगडा होतो. मोकळं अमोनियम आणि प्रखर दिवा एकत्र आले की शेवाळ धरतं, आणि मग दोष नव्या मांडणीला दिला जातो. भरभर वाढणारी झाडं, तरंगणारी असतील तर उत्तमच, या काळात मुद्दाम वाढू द्यावीत आणि दिवा सहा तासांवर आणावा.

विषारी वायूचं म्हणाल तर हायड्रोजन सल्फाइड खरोखरच असतं आणि ते खरोखरच विषारी आहे. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. पण तो वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, आणि वायू जोवर थोडाथोडा सुटतो तोवर प्राणवायू असलेल्या पाण्यात त्याचं रूपांतर होत जातं. मुळंही तळात प्राणवायू सोडतात. तळातून वर येणारा प्रत्येक बुडबुडा या वायूचा नसतो. त्याचा धोका असतो तो जाड, घट्ट बसलेला, झाडं नसलेला तळ एकदम उलटवला तर. म्हणजे ज्या भीतीपोटी टाकी उपसायला सांगितलं आहे, ती उपसण्यानेच खरी होते.

दर सहा महिन्यांच्या नियमाला तर काहीच आधार नाही. लिस्बनच्या मत्स्यालयात, झाडांच्या टाक्यांसाठी नावाजलेले जपानी मांडणीकार ताकाशी अमानो यांनी उभारलेली ४० मीटर लांबीची झाडांची टाकी २०१५ मध्ये खुली झाली. तिची निगा पाणबुड्यांनी आत उतरून, छाटणी करून राखली. घरातली टाकीही कात्री आणि सायफनवर वर्षानुवर्षं चालते.

मासे बादलीत काढण्याबद्दल थोडंसंच. बरेचदा त्याची गरज नसते. पाणी एक तृतीयांशावर आणलं तर लहान मासे एका कोपऱ्यात थांबतात, आणि जाळ्यामागे धावण्याचा ताण टळतो. त्याआधी हीटर बंद करून गार होऊ द्या, कारण तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. टाकीत हात घालण्याआधी विजेच्या बाकीच्या वस्तूंचेही प्लग काढा. मासे काढावेच लागले तर बादलीला झाकण आणि एअर स्टोन हवाच. संध्याकाळी सोडले म्हणून काम संपत नाही. पुढचे दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा, सुरुवातीला रोज, आणि खाणं निम्म्यावर आणा.

एका बाबतीत सगळी मांडणी एका दिवसात बदलण्याला माझाही पाठिंबा आहे. हद्दीवरून भांडणारे सिक्लिड असतील आणि त्यांच्यात नवा मासा सोडायचा असेल, तर दगड आणि लाकडं आधी हलवावीत. जुन्या हद्दी मोडतात, सगळेच नवखे होतात आणि नव्याला मार कमी बसतो. तिथेही तळ आणि फिल्टर जागचे हलत नाहीत. मोठे दगड मात्र वाळूवर नुसते टेकवू नका, खाली तळापर्यंत पक्के बसवा. हे मासे वाळू उकरतात, आणि खालची वाळू गेली की दगड काचेवर कलंडतो.