‘स्वस्तात गुंडाळले’ असे लिहिणाऱ्या वाचकास

चर्चच्या आवारातील शिरीषापासून बाक, वाचनपीठ आणि प्रभुभोजनाचे मेज कसे तयार केले, याबद्दल ते काम करणारा सुतार म्हणून मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक हितचिंतक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढून टाकलेली नाही, ज्यांना वाचायची असेल त्यांनी अवश्य वाचावी. थोडक्यात तिच्यात चार मुद्दे आहेत. अर्धे झाड हिरवे असताना ते मुळापासून का पाडले; पाडण्याची परवानगी होती का; हे ठरवताना मंडळीतील, म्हणजे चर्चच्या सभासदांतील, सामान्य कुटुंबांना कोणी विचारले का; आणि चौथा मुद्दा, जो शब्दशः देतो : ‘शिरीषाचे लाकूड जळणाच्या लायकीचे. चंद्रपूरचे सागवान अयोध्येपर्यंत जाते आणि इथल्या मंडळीला मात्र मिस्त्रीने स्वस्तात गुंडाळले.’

हितचिंतक महाशय, कामावर टीका ऐकण्याची मला सवय आहे. दाराची चौकट अर्धा सूत तिरपी बसली तर घरमालक मिस्त्रीला चारचौघांत बोलतो आणि मिस्त्री ते ऐकून घेतो, कारण समोर चौकट असते आणि बोलणाऱ्याला चेहरा असतो. आपल्या प्रतिक्रियेत या दोन्ही गोष्टी नाहीत. आपण बाकांवर बसून पाहिलेले नाही, हे आपणच ‘फोटो पाहून वाटले’ असे लिहून कबूल केले आहे. नाव आपण दिलेले नाही. आणि तरीही मी देवाच्या घरात बसून लोकांना फसवले, असे सुचवण्यास आपण कचरला नाहीत. हेच आपण सभ्य भाषेत विचारले असते, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

आता लाकडाविषयी. मूळ लेखात मी नुसते ‘शिरीष’ असे लिहिले, तिथे ‘देशी शिरीष’ असे लिहिले असते तर बरे झाले असते, एवढे मान्य करतो. रस्त्याच्या कडेला छत्रीसारखा पसरणारा, गुलाबी फुलांचा आणि गुरे आवडीने खातात अशा चिकट शेंगांचा जो वृक्ष असतो, त्यालाही आपल्याकडे पुष्कळ लोक शिरीषच म्हणतात. तो विलायती, त्याचे लाकूड हलके असते. आमच्या आवारातला देशी होता, ज्याच्या चपट्या, वाळक्या शेंगा उन्हाळाभर वाऱ्यावर खुळखुळतात. याच झाडाचे लाकूड अंदमानात ‘कोको’ या नावाने ओळखले जाते, आणि परदेशी बाजारात ते ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणून विकले जात असे, म्हणजे साहेबाने ज्याला अक्रोडाच्या पंगतीत बसवले, ते आपण चुलीत घालायला निघाला आहात. लाकूड ओळखण्याची आपली मजल फर्निचरच्या दुकानातील स्टिकरपर्यंतच असावी, अशी मला शंका येते.

शिरीषाला भुंगा लागतो, असेही कोणी म्हणेल. लागतो, पण कुठे, ते पाहावे लागते. या झाडाच्या सालीखाली पांढरट लाकडाचा चांगला रुंद थर असतो, त्यात पिष्ट असते आणि भुंगेऱ्याची अळी त्यावरच जगते. आतला गाभा गडद तपकिरी, मधूनमधून काळसर पट्ट्यांचा असतो आणि त्याला ती सहसा तोंड लावत नाही. आरागिरणीवर ओंडका चिरताना मी स्वतः उभा राहून पांढरा भाग जवळजवळ सगळा काढायला लावला, आणि तो खरोखरच जळणात गेला, त्यामुळे आपले म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे, असे समजून आपण समाधान मानावे. एखाद्या फळीच्या कडेला बोटभर पांढरे राहिले असेल, तिथे बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचे पाणी मुरवले आहे.

हे मला कोणी व्हिडिओतून शिकवलेले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा पाठोपाठच्या दोन दुष्काळांनंतर वऱ्हाडात मिशनांनी अनाथालये चालवली आणि तिथल्या मुलांना सुतारकाम शिकवले, हे आपण कदाचित वाचले असेल. माझे पणजोबा त्याच मुलांपैकी एक होते. आजोबांनी आणि वडिलांनी आयुष्यभर बंड्या, वखर, डवरे आणि तिफणी केल्या. चाकाला बाभूळ, कण्याला धावडा, जुवाला तिवस, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचे. वडील फळीवर बोटाचे पेर वाजवून ती वाळली की नाही हे सांगत, आणि सागवानाच्या नावाखाली दुसरे काही खपवणाऱ्याला ते दारात उभे करीत नसत. अशा घरातल्या माणसाला आपण ‘गुंडाळले’ म्हणता.

सागवान मलाही प्रिय आहे. आलापल्ली-बल्लारशाकडच्या जुन्या सागाला तोड नाही आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूरहून लाकूड गेले, याचा अभिमान विदर्भातल्या प्रत्येक सुताराला आहे. परंतु तालुक्याच्या बाजारात ‘सागवान’ म्हणून जे मिळते, ते बहुधा कोवळ्या झाडाचे असते, फळीचा निम्मा भाग पांढरा असतो, आणि सागाच्या पांढऱ्या भागाला वाळवी तितक्याच आवडीने खाते जितक्या आवडीने ती आंब्याची फळी खाते. वाळवीला दूर ठेवणारे द्रव्य सागाच्या गाभ्यात असते, नावात नसते. पिकल्या शिरीषाचा गाभा एका पारड्यात आणि असले कोवळे सागवान दुसऱ्या पारड्यात ठेवले, तर मी शिरीष उचलीन, आणि तो फुकट मिळाला म्हणून नव्हे. आणि स्वस्त कसले? शिरीषाचे सूत, म्हणजे लाकडाच्या रेषा, उलटसुलट असते. एका हातभर फळीत चार बोटे रंधा लोण्यासारखा चालतो, पुढच्या चार बोटांवर तोच रंधा टवके उडवतो. मग पाते बारीक लावून, रंधा तिरपा धरून, आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून पृष्ठभाग आणावा लागतो. भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. आरागिरणीवरचा पोरगा तोंडाला ओला गमछा बांधून उभा होता. सागवानावर याच्या निम्म्या वेळात काम झाले असते. मजुरी धरली तर मंडळीचे फारसे पैसे वाचलेले नाहीत, हे हिशेबाच्या वहीत कोणालाही पाहता येईल.

फोटोत ‘भेग’ दिसते, असेही आपण लिहिले आहे; लाकूड ओले वापरले, असा त्या वाक्याचा रोख दिसतो. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना शेण लिंपून तो सावलीत ठेवला होता, चिरल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावली होती, आणि मे महिन्याचा झळांचा वारा थेट लागू नये म्हणून तिला तट्ट्याचा आडोसा केला होता. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा लाकूड वाळत नाही, तडकते. आणि श्रावणात तीच फळी हवेतला ओलावा ओढून फुगते. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून बसण्याच्या फळ्या अशा चिरून घेतल्या की वलये उभी यावीत. प्रत्येक बाकाची बैठक एका रुंद फळीची न करता दोन फळ्यांची केली आणि मध्ये फट ठेवली. वाचनपीठाचा दिलहा, म्हणजे चौकटीतली फळी, खाचेत मोकळा आहे, त्याला कुठेही सरस लावलेला नाही. वरून जवसाचे तेल आणि लाखेचे पॉलिश. आपल्याला फोटोत जी ‘भेग’ दिसली, ती भेग नाही, ती हीच फट आहे.

राहिला लायकीचा प्रश्न. बायबलमधील निर्गमाच्या २५व्या अध्यायात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवायची पेटी, बाभळीच्या लाकडाचा करण्यास सांगितले आहे, लांबी अडीच हात, रुंदी दीड हात, उंची दीड हात. समर्पित भाकरीचे मेजही बाभळीचेच, दोन हात लांब. बाभळीचे आपल्याकडे काय होते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको : औताला लागेल तेवढी सुताराकडे आणि उरलेली चुलीखाली. शलमोन राजाने मंदिरासाठी लबानोनाहून गंधसरू आणवला, हे मला ठाऊक आहे. त्याच्या मदतीला सोरेचा राजा हीराम होता, आमच्या मंडळीजवळ कापूस विकल्यावर येणारी वर्गणी आहे. कोश करणाऱ्या, अरण्यातल्या इस्राएली लोकांनी अरण्यात मिळणारे लाकूड वापरले आणि त्यावर सोन्याचा पत्रा मढवला. आमच्याकडे सोने नाही म्हणून जवसाचे तेल वापरले.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्याचे कारण दिसत नाही. झाड पाडण्याचा ठराव चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा होता. एक मोठी फांदी वाऱ्याने छपरावर आली होती आणि बुंध्यात पोकळी होती, हे मी लेखात लिहिलेच आहे. नुसती छाटणी करून भागले असते का, हे त्या वेळी तिथे असलेल्या माणसांनी ठरवले, त्यात आपण नव्हता आणि ठरवण्यात मीही नव्हतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, बिजा, हळदू, तिवस, ऐन आहेत, शिरीष नाही. तरीही कागद केले, ते पाळकसाहेबांच्या कपाटात आहेत. कुटुंबांना विचारले की नाही, हे मंडळीच्या सभेत विचारण्याचे आहे, सुताराला विचारण्याचे नाही. आपण त्या मंडळीचे सभासद असाल, तर वार्षिक सभेला उपस्थित राहण्याचा अधिकार आपल्याला आहेच. नसाल, तर हा प्रश्न आपला कसा झाला ते कळवावे.

बाक पाहायचे असतील तर कोणत्याही रविवारी उपासनेनंतर यावे. डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकाखाली हात घातला तर न रंधलेला भाग हाताला लागेल. तिथे चाकूचे टोक लावून गाभा किती कठीण आहे ते तपासावे, माझी हरकत नाही. यापुढे नाव न लिहिता आलेली प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.