वेगासला काय बघायचं नाही

जुळे सोलापुरातून पोरांकडे अमेरिकेला निघालेल्या आईबापांचे कार्यक्रम ठरलेले असतात. व्हिसाची मुलाखत, सहा महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या, शेंगाचटणीची पाकिटं आणि एक संध्याकाळ माझ्या घरी. हा शेवटचा कार्यक्रम आमच्या सौ.मुळे सुरू झाला. मुलीकडे गेलो होतो तेव्हा जावयानं आम्हाला लास वेगास दाखवलं, हे तिनं भिशीत सांगितलं. तेव्हापासून मी आमच्या भागातला वेगासचा जाणकार. पोरगा टेक्सासात असो नाहीतर न्यू जर्सीत, आईबाप आले की त्यांना वेगास घडवतोच, आणि ते घडायच्या आधी आईबाप माझ्या सोफ्यावर येऊन बसतात. चहा आमचा, वेळ माझा आणि प्रश्न एकच : "काय काय बघायचं?"

मी सांगतो काय बघायचं नाही ते. इथंच बिनसतं. आपल्याकडे सल्ला म्हणजे बेरीज. तुळजापूरला जाताय? मग पुढं अमकंही करा. अक्कलकोटला जाताय? येताना तमकंही घ्या. वजाबाकी सांगणारा माणूस एकतर चिक्कू किंवा जळका. माझ्याबद्दल दोन्ही मतं गल्लीत आहेत.

परवा अण्णा आणि काकू आले. अण्णा बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं कुठलाही आकडा ऐकला की त्यांची मान आपोआप वर येते. पोरानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी त्यांनी छापून आणली होती. वरच पहिलं : 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' या पाटीसमोर फोटो.

"हे वगळा," मी म्हणालो. "१९५९ सालची पाटी आहे, बेटी विलिस नावाच्या बाईंनी काढलेली. छान आहे. पण उन्हात रांग असते आणि फोटोत तुमच्या मागं पुढच्या माणसाची टोपी येते. शिवाय ती पाटी लास वेगासात नाहीच."

अण्णांची मान वर आली. खरं तेच सांगत होतो. ज्याला जग वेगास म्हणतं तो झगमगीत रस्ता, म्हणजे स्ट्रिप, बहुतेक सगळा शहराच्या हद्दीबाहेर आहे. गाव वेगळं, नाव पॅराडाइज. शहरानं आपल्याला पोटात घेऊन कर लावू नये म्हणून कॅसिनोवाल्यांनी १९५० साली ते वेगळं करून घेतलं.

"म्हणजे हद्दवाढ होऊच दिली नाही!" अण्णा उठून उभे राहिले. हद्दवाढ भागात आयुष्य काढलेल्या माणसाला हे केवढं मोठं आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. "हुशार लोक वो! आपण कर भरू लालोय आणि पाणी येतंय चार-पाच दिवसांआड." पुढची दहा मिनिटं वेगास बाजूला राहिलं आणि महापालिका चालली.

काकूंनी यादीवर बोट ठेवून त्यांना परत आणलं. ज्वालामुखी. म्हटलं, हा आता वगळायचीसुद्धा गरज नाही. एका हॉटेलापुढं १९८९ पासून रोज संध्याकाळी खोटा ज्वालामुखी पेटायचा. २०२४ च्या जुलैत ते हॉटेल बंद पडलं, ज्वालामुखीही गेला. पोरानं यादी जुन्या व्हिडिओवरून काढली असणार. अण्णांनी पेनानं काट मारली आणि पैसे वाचल्यासारखा चेहरा केला. तो फुकट होता हे मी बोललो नाही.

मग अर्ध्या मापाचा आयफेल टॉवर. ५४० फूट. वर जायला तिकीट. वर जाऊन काय दिसतं, तर समोरच्या बेलाजिओ हॉटेलचं कारंजं. तेच कारंजं खाली फुटपाथवरून फुकट दिसतं आणि गाणंही नीट ऐकू येतं. आठ एकरांचं तळं, हजाराच्या वर तोट्या, रात्री दर पंधरा मिनिटांनी खेळ. वेगासात मन लावून बघायची गोष्ट कुठली, तर ही, आणि हिला कुणी दमडी मागत नाही.

"पण वाळवंटात एवढं पाणी उडवतात?" काकू. चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या बाईचा प्रश्न होता, टाळता येईना. मी म्हणालो, नळाचं नाही. तिथं पूर्वी गोल्फचं मैदान होतं, त्याच्यासाठी मारलेल्या जुन्या बोअरचं आहे. बोअर म्हटल्यावर काकूंनी कारंज्याला परवानगी दिली.

त्यानंतर अण्णांनी घसा खाकरून, छताकडं बघत विचारलं, "आणि ते... कॅसिनोचं काय असतंय? खेळायचं म्हणून नाही. माहिती पाहिजे."

मी म्हणालो, तो वगळायचा म्हटला तरी वगळता येत नाही. खोलीकडं जायचंय? कॅसिनोतून जा. जेवायला? कॅसिनोतून. बाथरूम शोधताय? मशिनींच्या तीन गल्ल्या ओलांडून. विमानतळावर उतरल्या उतरल्यासुद्धा मशिनी उभ्या. आत घड्याळ दिसत नाही, खिडकी नाही, सिगारेटचा वास मात्र भरपूर. आपण फक्त बसायचं नाही. निदान त्या उभ्या रंगीत चाकापुढं आणि किनो नावाच्या आकड्यांच्या खेळापुढं तर नाहीच. किनोत शंभर डॉलर लावले तर सरासरी पंचवीस किंवा जास्तच तिथंच राहतात.

"आणि ते गोल फिरतंय ते?"

रुलेट. मी कागद घेतला, कारण समोर कॅशियर होता. अमेरिकेतल्या चाकावर १ ते ३६ आकडे, अधिक एक शून्य, अधिक दोन शून्यांचं एक घर. एकूण ३८ घरं. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर देतात पस्तीसपट. म्हणजे शंभरामागं सव्वापाच डॉलर कायमचे हॉटेलचे. आता स्ट्रिपवर बऱ्याच ठिकाणी तिसरं शून्यही घुसवलंय. तिथं शंभरामागं पावणेआठच्या आसपास जातात. म्हणून तीन शून्यांचं चाक दिसलं की पुढं चालायचं.

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. "पावणेआठ? म्हणजे रुपयाला नऊपेक्षा बरंच की वो!"

खोलीत शांतता पसरली. मटक्यात दहा आकड्यांतला एक लागला तर रुपयाला नऊ मिळतात, म्हणजे शंभरामागं दहा बुडतात, हे गणित बरोबर होतं. तोंडी केलेलं होतं. आणि जन्मात पानसुपारी न खाणाऱ्या माणसानं केलेलं होतं.

"रुपयाला नऊ कशाचे?" काकू.

"व्याज," अण्णा म्हणाले. "जुनी एक योजना होती बँकेत."

मी घाईघाईनं हॉटेलच्या बिलावर आलो. त्या दिवशी अण्णांचा संसार रिसॉर्ट फीनं वाचवला म्हटलं तरी चालेल. ही फी म्हणजे खोलीच्या भाड्याशिवाय रोज साधारण चाळीस-पन्नास डॉलर. कशाचे, तर पोहायचा तलाव, जिम, वायफाय, असलं. अण्णांना पोहायला येत नाही, जिमचा संबंध नाही आणि वायफायचं पोरगं बघतं. तरी फी द्यायची. २०२५ च्या मेपासून तिथल्या सरकारनं नियम केलाय की ती जाहिरातीच्या किमतीतच मिळवून दाखवायची. म्हणजे पूर्वी काउंटरवर गेल्यावर छातीत धस्स व्हायचं, आता घरी बसल्या होतं.

"वगळता येत नाही?"

"हॉटेल निवडताना येतं. फी नसलेली थोडी हॉटेलं आहेत, पोराला शोधू दे. आणि काकू, खोलीतल्या छोट्या फ्रिजला हात लावायचा नाही."

हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. बऱ्याच हॉटेलांत त्या फ्रिजमध्ये बाटलीखाली सेन्सर असतो. बाटली उचलून काही सेकंद बाहेर राहिली की बिलात चढते, प्या नाहीतर बघा. आमच्याच मागच्या गल्लीतल्या एका वहिनींनी लेकीच्या घरून दह्याचा डबा नेला होता. तो ठेवायला फ्रिजमध्ये जागा नव्हती. त्यांनी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या, टेबलावर उंचीप्रमाणे ओळीनं मांडल्या, डबा आत ठेवला आणि सकाळी बाटल्या पुसून होत्या तशा परत ठेवल्या. स्वच्छतेबद्दल हॉटेलनं कौतुक केलं नाही. ते दही किती डॉलर वाटी पडलं हे भाऊंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून घरात ताकच होतं.

पुढं मग भराभर उरकलं. मेणाचे पुतळे : वगळा. चॉकलेटच्या गोळ्यांचं चार मजली दुकान : नातवंड बरोबर असेल तर देवच वाचवो, नसेल तर वगळा. तो स्फिअर नावाचा प्रचंड गोळा, २०२३ साली उघडलेला : आतल्या तिकिटाचा आकडा ऐकून अण्णांनीच काट मारली, आणि बाहेरून तो रात्रभर फुकट रंग बदलतो. बुफे : बरेचसे कोविडनंतर उघडलेच नाहीत, उरलेले महाग, आणि काकूंना त्यातलं फळं, पाव आणि काकडी चालणार. रस्त्यात पिसांचा मुकुट घातलेल्या बाया "या, फोटो काढू" म्हणतात. अण्णा इथं नको इतकं लक्ष देऊन ऐकत होते. म्हटलं, फोटो झाल्यावर टिप मागतात, आणि दोघी असल्या तर दोघींना वेगळी.

"एक जण मोफत शोची तिकिटं देतो म्हणे?" अण्णा.

तोच तर मोठा सापळा. तिकिटं देतो, नाष्टाही देतो, फक्त जोडीनं या म्हणतो. मग दोन-अडीच तास खोलीत बसवून दरवर्षी एक आठवडा सुट्टीचं घर विकतो. आपल्याकडं 'लकी ड्रॉ लागलाय, जोडीनं या' असा फोन येतो ना, त्याचंच कुळ. काकू म्हणाल्या, त्या फोनवाल्याकडं जाऊन हे इडलीपात्र घेऊन आलेत. आणि सदस्यत्व न घेता. अण्णांनी मान खाली घालून पण समाधानानं होकार दिला. या एका बाबतीत मला वेगासचीच काळजी वाटली.

चालण्याचं मात्र मी बजावून सांगितलं. तिथं समोर दिसणारी गोष्ट समोर नसते. इमारती एवढ्या अवाढव्य की पुढचं हॉटेल हाकेवर वाटतं आणि चालायला अर्धा तास लागतो. अख्खी स्ट्रिप सहा-सात किलोमीटर. रस्ता ओलांडायला सरकते जिने आणि पादचारी पूल. आणि पुलावर थांबायचं नाही. २०२४ च्या जानेवारीपासून तो गुन्हा आहे.

"थांबायचंच नाही?" अण्णांचा विश्वास बसेना. नवी पेठेत भर रस्त्यात दुचाकी उभी करून "काय मालक" म्हणत पाऊण तास बोलणाऱ्या शहरातून आलेल्या माणसाला ही कुठली लोकशाही म्हणायची?

उन्हाचं काकूंनी हसण्यावारी नेलं. "आम्हाला ऊन सांगता?" ठीक. पण २०२४ च्या जुलैत तिथं ४८.९ अंश झालं होतं, आणि खरा घोटाळा आतला आहे. बाहेर भट्टी, आत एसी असा की दात वाजतात. म्हणून तिथं चादर न्या, सोलापुरी, जाड. ज्या चादरी आपण लग्नात एकमेकांना देऊन कपाटात भरतो, त्या अंगावर घ्यायची वेळ मी वेगासच्या कॅसिनोत बघितली.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाला एका दिवसात जाऊन यायचं हेही काढून टाकलं. जाताना साडेचार तास, येताना साडेचार तास, आणि मध्ये दरीपेक्षा बसच्या खिडकीचे फोटो जास्त. त्यापेक्षा तासाभराच्या आत हूवर धरण. १९३१ ते १९३६ मध्ये बांधलेलं, ७२६ फूट उंच, कोलोरॅडो नदीवर. हे वगळायचं नाही असं म्हणताच अण्णांनी सोलापूरकराचा जन्मजात प्रश्न विचारला.

"पाणी किती टक्के?"

मी म्हणालो, गेली काही वर्षं निम्म्याच्या बरंच खाली. खडकावर जुन्या पातळीचा पांढरा पट्टा दिसतो.

"उण्यात गेलं नाही ना अजून?" आमचं उजनी धरण उण्यात जातं, म्हणजे वापरायच्या पाण्याच्याही खाली. अमेरिकेचं धरण अजून अधिकातच आहे हे ऐकून अण्णा खिन्न झाले की सुखावले, ते नक्की कळलं नाही.

यादीत आता एकच ओळ उरली होती. व्हेनिसची होडी. मॉलच्या आत कालवा, वर रंगवलेलं निळं आकाश, पट्ट्यापट्ट्याचा शर्ट घातलेला नावाडी इटालियन गाणं म्हणतो. माणशी तीस-चाळीस डॉलर, दहा-पंधरा मिनिटं. मी पेन पुढं केलं. "हे तर वगळाच. तुम्ही गड्ड्याची जत्रा बघितलीय ना? वेगास म्हणजे होम मैदानावरचा गड्डाच, फक्त वर्षभर उठत नाही आणि शेजारी सिद्धेश्वर नाहीत. त्यातला हा पाळणा समजा."

"गड्ड्यातल्या पाळण्यात मी दरवर्षी बसते," काकू म्हणाल्या.

"तसं नाही, पण छताखालच्या पाण्यात..."

"सिद्धेश्वर तळ्याच्या गावात चाळीस वर्षं संसार केला. यांनी मला एकदा होडीत बसवलं नाही. टॉवर वगळा, पुतळे वगळा, ते बायांचे फोटो तर वगळाच. होडी राहू द्या."

काकूंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. होडीत चार जण बसतात हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. दोघांनाच पाहिजे असेल तर चौघांचे पैसे भरावे लागतात, हेही.

"म्हणजे समोर दोन अनोळखी माणसं बसणार," ते म्हणाले. "गोरी. काय बोलायचं त्यांच्याशी?"

"बोलायचं कशाला?" काकू पदर खोचून उठल्या. "चटणीचं एक पाकीट जास्त घेऊ."